प्रथमग्रासी मक्षिकापात झाल्यावर

कार्याच्या आरंभीच विघ्न आले, की आपल्याकडील जाणती माणसे ‘प्रथमग्रासी मक्षिकापात’ असे म्हणून निःश्वास सोडतात. जेवायला बसावे आणि पहिल्याच घासाला माशी दिसावी, असा तो प्रसंग. अशा वेळी रागाने ताट लोटून उठणारी माणसे असतात, तशीच कोणी पाहिले नाही ना, एवढे पाहून तो घास मुकाट्याने गिळणारीही असतात. घास बाजूला ठेवून, हात धुऊन पुन्हा पानावर बसणारी माणसे थोडी. आज ज्या विद्यार्थ्यांविषयी बोलावयाचे आहे, त्यांच्यापुढे नेमका हाच प्रश्न उभा असतो.

हे विद्यार्थी अमेरिकेतील. बेळगाव, इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील कित्येक मराठी घरांतील मुले तेथे स्थायिक झाली आहेत, आणि त्यांची मुले आता तेथील महाविद्यालयांत शिकत आहेत. त्यांच्यापैकी कोणाला दंतवैद्य व्हावेसे वाटले, तर त्याची वाट आपल्याकडील वाटेहून फार निराळी असते. भारतात बारावीनंतर ‘नीट’ची परीक्षा द्यावयाची आणि तिच्यातील क्रमांकावर बी. डी. एस.ला प्रवेश मिळवावयाचा, अशी रीत आहे. एका वर्षी परीक्षा साधली नाही, तर पुढल्या वर्षी नवी उत्तरपत्रिका, नवे गुण. जुने गुण कोणी विचारीत नाही. अमेरिकेत बहुतेक विद्यार्थी आधी चार वर्षांची पदवी घेतात आणि मग दंतवैद्यक महाविद्यालयाच्या चार वर्षांसाठी अर्ज करतात. त्या अर्जात महाविद्यालयातील पहिल्या दिवसापासूनच्या प्रत्येक विषयाची श्रेणी मांडावी लागते. तेथे कोरी पाटी मिळत नाही.

उदाहरणादाखल अशी एक विद्यार्थिनी डोळ्यांपुढे आणावी. शाळेत ती नेहमी पहिल्या पाचांत. शाळा घराजवळ, आई अभ्यासाला जवळ बसणारी, शिक्षक नावाने ओळखणारे. अठराव्या वर्षी ती घरापासून चारशे मैलांवरच्या विद्यापीठात गेली. तेथे रसायनशास्त्राच्या वर्गात तीनशे विद्यार्थी. हजेरी नाही, गृहपाठ तपासून देणारे कोणी नाही. खर्चाला हातभार म्हणून तिने ग्रंथालयात संध्याकाळची नोकरी धरली. शाळेत परीक्षेच्या आदल्या रात्री वाचून भागत असे, तेच येथेही भागेल असे तिला वाटले. ते भागले नाही. पहिल्या सत्रात दोन विषयांत ‘सी’ श्रेणी आली. दुसऱ्या वर्षी सेंद्रिय रसायनशास्त्राने तिचे कंबरडेच मोडले आणि ‘डी’ मिळाली.

हे घरी कोणालाच ठाऊक नव्हते. तेथील कायद्यान्वये महाविद्यालयीन विद्यार्थ्याचे गुण हे त्याचे स्वतःचे असतात; महाविद्यालय ते सहसा पालकांना परस्पर कळवीत नाही. दर रविवारी दूरध्वनीवर वडील विचारीत, “अभ्यास कसा चाललाय?” ती म्हणे, “छान चाललाय, बाबा.” अपयशापेक्षा हे दोन शब्द अधिक जड होतात. कारण अपयश झाकण्यात जी शक्ती खर्ची पडते, ती सावरण्यासाठी उरत नाही. मदत मागावी तर अपयश कबूल करावे लागते; ते कबूल करावयाचे नाही म्हणून अध्यापकांच्या भेटीच्या वेळा चुकवावयाच्या; आणि त्या चुकविल्या म्हणून पुढली परीक्षाही बिघडवावयाची, असे ते चक्र फिरत राहते.

आता या घसरणीचा हिशेब पाहू. अमेरिकेत सामान्यतः ‘ए’ श्रेणीला ४, ‘बी’ला ३, ‘सी’ला २ आणि ‘डी’ला १ गुण धरतात. विषयाचे जेवढे श्रेयांक, तेवढ्या पटीने हे गुण मोजले जातात आणि शेवटी सरासरी काढली जाते. समजा, या मुलीने दोन वर्षांत ६० श्रेयांक पुरे केले आणि तिची सरासरी २.४ पडली. म्हणजे तिच्या पदरी १४४ गुण जमा झाले. दंतवैद्यक महाविद्यालयांत प्रवेश मिळविणाऱ्यांची सरासरी साधारणपणे ३.६च्या आसपास असते. पुढील दोन वर्षांत तिने उत्तम अभ्यास करून ६० श्रेयांकांत ३.८ची सरासरी राखली, तर २२८ गुण वाढतील. एकूण ३७२ गुण, १२० श्रेयांक, सरासरी ३.१. पदवीनंतर आणखी एक वर्ष घालवून ३० श्रेयांक ३.९च्या सरासरीने मिळविले, तरी एकूण सरासरी ३.२६पर्यंतच चढते. तीन वर्षे जवळजवळ निर्दोष काम करूनही पहिल्या दोन वर्षांचे ओझे पुरते उतरत नाही, हे त्या मुलीला कोणीतरी कागदावर मांडून दाखवावयास हवे. हे गणित निर्दय खरे. पण ते न मांडता दिलेला धीर फसवा ठरतो.

येथे आणखी एक गैरसमज घातक ठरतो. नापसंत श्रेणीचा विषय पुन्हा घेतला, की जुनी श्रेणी पुसली जाते, असे विद्यार्थ्यांना वाटते. काही महाविद्यालये आपल्या दप्तरी तसे करतातही. परंतु बहुतेक दंतवैद्यक महाविद्यालयांचे अर्ज अमेरिकन डेंटल एज्युकेशन असोसिएशनच्या केंद्रीय व्यवस्थेमार्फत जातात, आणि तेथे विषय जितक्या वेळा घेतला तितक्या सगळ्या श्रेणी हिशेबात धरतात. चार श्रेयांकांच्या विषयात आधी ‘डी’ आणि मग ‘ए’ मिळाली, तर त्या विषयापुरती सरासरी २.५ येते, ४ नव्हे. शिवाय जीवशास्त्र, रसायनशास्त्र व भौतिकशास्त्र यांची सरासरी वेगळी काढून दाखविली जाते, त्यामुळे सोपे विषय घेऊन आकडा फुगविण्याचा डाव लगेच उघडा पडतो. टेक्सास राज्यात मात्र एक निराळी तरतूद आहे. तेथील रहिवाशाला, दहा किंवा अधिक वर्षांपूर्वीचे महाविद्यालयीन विषय प्रवेशाच्या वेळी लक्षात घेऊ नयेत, अशी मागणी राज्याच्या सार्वजनिक संस्थांकडे करता येते. पण तसे केल्यास त्या काळातील चांगल्या श्रेणीही सोडाव्या लागतात. माशीबरोबर सगळे पानच उचलले जाते म्हणा ना!

मग या मुलीने करावे काय? पहिली गोष्ट, कारण शोधावे. वेळ कमी पडला, पद्धत चुकली, प्रकृती बिघडली, की मुळात हा विषयच मनापासून नको होता? या चार कारणांवर चार निरनिराळे उपाय आहेत. वेळ कमी पडत असेल, तर नोकरीचे तास किंवा सत्रातील विषय कमी करावेत. एखादा विषय हाताबाहेर जात आहे असे दिसले, तर मुदतीच्या आत तो सोडून देता येतो. त्याची नोंद राहते, पण सरासरीवर भार पडत नाही. पद्धत चुकत असेल, तर नुसते वाचन थांबवून रोज उदाहरणे सोडवावीत, आणि अध्यापकांनी भेटीसाठी राखून ठेवलेल्या वेळात दर आठवड्याला जाऊन बसावे. तीनशेंच्या वर्गात अध्यापक नावाने ओळखू लागतात ते अशाच विद्यार्थ्यांना, आणि पुढे शिफारसपत्र लिहावयाची वेळ आली की त्या ओळखीचे मोल कळते.

दुसरी गोष्ट, चढती रेघ दाखवावी. प्रवेश समितीपुढे सरासरीचा एकच आकडा नसतो; प्रत्येक सत्राच्या श्रेणी ओळीने मांडलेल्या असतात. आधी २.४ आणि मग चार सत्रे ३.८, हे चित्र, सर्व काळ ३.१वर रेंगाळणाऱ्या विद्यार्थ्याच्या चित्राहून वेगळे दिसते, जरी सरासरी तीच असली तरी. मात्र ती चढण कठीण विषयांतून केलेली असावी. जीवरसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र हे विषय पुढे दंतवैद्यकाच्या पहिल्या दोन वर्षांत अधिक वेगाने अंगावर येतात. समितीला जाणून घ्यावयाचे असते ते एवढेच, की हा विद्यार्थी तो भार आज पेलू शकेल काय. एकोणिसाव्या वर्षी तो काय करीत होता, हा प्रश्न त्याच्या नंतरचा.

पदवीनंतरही सरासरी अपुरी राहिली, तर दोन वाटा असतात. पदवीनंतरच्या वर्षात विज्ञानाचे आणखी विषय घ्यावयाचे, ही एक. त्या श्रेणी मूळ सरासरीत हळूहळू भर घालतात. दुसरी वाट म्हणजे वैद्यकीय विज्ञानातील एक-दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी. तिची सरासरी वेगळी मांडली जाते, आणि काही ठिकाणी तेथील अभ्यास दंतवैद्यकाच्या पहिल्या वर्षाशी मिळताजुळता असतो. तेथे यश मिळाले तर शंकेला जागा उरत नाही. तेथेही घसरण झाली, तर मात्र सावरण्यास फारशी जागा राहत नाही. त्यातून हा अभ्यासक्रम महाग. पुष्कळांना त्यासाठी कर्ज काढावे लागते. म्हणून अभ्यासाची नवी रीत आधी कमी खर्चाच्या विषयांत पारखून घ्यावी आणि मगच या वाटेला जावे, हे शहाणपणाचे.

प्रवेशपरीक्षेविषयीही असाच विवेक हवा. तिच्यात जीवशास्त्राचे ४०, सामान्य रसायनशास्त्राचे ३० आणि सेंद्रिय रसायनशास्त्राचे ३० प्रश्न असतात. शिवाय आकृत्यांची जाण, वाचनाचे आकलन आणि गणित. पूर्वी तिचे गुण १ ते ३० या पट्टीवर दिले जात. मार्च २०२५पासून २०० ते ६०० अशी पट्टी आली आहे. ज्या सेंद्रिय रसायनशास्त्रात एकदा ‘डी’ पडली, त्याच विषयात या परीक्षेत उत्तम गुण मिळविणे हे बोलके उत्तर आहे. तरीही एका दिवसाची परीक्षा दोन वर्षांची नोंद झाकून टाकीत नाही. ती इतर पुराव्याला पुष्टी देते, एवढेच.

पुराव्याचा विषय निघाला म्हणून अमेरिकेतील दंतवैद्यकाच्या इतिहासातील एक नाव आठवते. ल्यूसी हॉब्ज या मुळात शाळाशिक्षिका. १८६१ साली ओहायो कॉलेज ऑफ डेंटल सर्जरीने त्यांना प्रवेश नाकारला. त्यांचा अडसर गुणांचा नव्हता. त्या स्त्री होत्या, एवढेच कारण. त्यांनी खासगी रीतीने शिक्षण घेतले, आयोवा राज्यात दवाखाना चालविला आणि १८६५ मध्ये तेथील दंतवैद्यांच्या संघटनेने त्यांना सभासद करून घेतले. त्यानंतर त्याच महाविद्यालयाने त्यांच्यासाठी दार उघडले, आणि १८६६ साली त्या पदवीधर झाल्या. दंतवैद्यकाची महाविद्यालयीन पदवी मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. नकाराला त्यांनी दिलेले उत्तर हे पाच वर्षांच्या कामाचे होते. ज्या विद्यार्थ्याला नकार स्वतःच्या चुकीमुळे मिळतो, त्यालाही उत्तर देण्याचे दुसरे साधन नसते.

अर्जासोबत जे आत्मनिवेदन लिहावयाचे, त्याला ४,५०० अक्षरांची मर्यादा आहे. त्यात काहीजण अर्धी जागा सबबींत घालवितात. अध्यापक कडक होते, सहाध्यायी त्रासदायक होते, वगैरे. काहीजण त्या दोन वर्षांचा उल्लेखच करीत नाहीत, जणू समितीला श्रेणी वाचता येत नाहीत. दोन-तीन सरळ वाक्ये पुरतात: काय चुकले, काय बदलले, आणि त्या बदलाचा पुरावा कोठे आहे. उरलेली जागा दंतवैद्यकच का, या प्रश्नाला द्यावी. त्या प्रश्नाचे उत्तर एखाद्या दवाखान्यात दंतवैद्याच्या शेजारी अनेक दिवस उभे राहून कामाचे निरीक्षण केल्यावाचून सापडत नाही. अर्जही लवकर करावा, कारण अनेक महाविद्यालये अर्ज येतील तसतसे ते पाहू लागतात; परंतु तयारी अपुरी असेल, तर घाईने अर्ज करण्यापेक्षा एक वर्ष थांबणे बरे.

इतके करूनही सर्वांना प्रवेश मिळतोच असे नाही. काहींना या शोधात असेही कळून येते, की दंतवैद्य होण्याची इच्छा घरच्यांची होती, आपली नव्हती. ते कळणे हेही पराभवाचे लक्षण मानू नये.

आपल्या त्या विद्यार्थिनीने एका रविवारी नेहमीचे दोन शब्द उच्चारले नाहीत. ती म्हणाली, “बाबा, सेंद्रिय रसायनात मला ‘डी’ मिळाली. तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं.” पलीकडे काही क्षण शांतता होती. मग वडील म्हणाले, “बरं. आता पुढे काय करायचं ठरवलंयस, ते सांग.” घराघरांतून हे एवढे वाक्य ज्या मुलांच्या वाट्याला येते, त्यांची निम्मी वाट तेथेच सरते.

दंतवैद्याच्या नित्याच्या कामातच या विद्यार्थ्यांसाठी एक धडा आहे. दातावरील कवच एकदा किडून नाहीसे झाले, की ते पुन्हा उगवत नाही. कीड तशीच ठेवून वर भरण घातले, तर आत दात पोखरतच राहतो. म्हणून दंतवैद्य आधी कीड कोरून काढतो, जागा स्वच्छ करतो आणि मगच भरण घालतो. दात पूर्वीचा होत नाही. भरणाची खूण राहते. पण त्या दाताने पुढे अनेक वर्षे घास चावता येतो.