खडकातला निळा मासा



आज आम्ही तुम्हाला एका माशाची गोष्ट सांगणार आहोत. मासा परमुलखातला आहे. ऑस्ट्रेलिया देशाच्या पूर्व किनाऱ्यावर न्यू साउथ वेल्स नावाचे राज्य आहे. सिडनी शहर तिथलेच. तिथे किनाऱ्याला मोठमोठे खडक आहेत. पाणी आपल्या समुद्रापेक्षा गार. त्या खडकांत हा मासा राहतो. त्याला ब्लू ग्रोपर म्हणतात. ब्लू म्हणजे निळा.

हा मासा मीटरभर लांब होतो. ओठ जाड, दात खुंट्यांसारखे. खेकडे आणि शिंपले तो कवचासकट फोडून खातो.

आता त्याची नवलाई ऐका. जन्मतः हे सारे मासे मादीच असतात. पिल्ले खाडीतल्या गवतात वाढतात. मोठी मादी तांबूस तपकिरी दिसते. नर तेवढा निळा. एका नराच्या आसऱ्याने बऱ्याच माद्या राहतात. तो नर गेला, की त्यांतली थोरली मादी हळूहळू निळी होते आणि नर बनते! कर्ता गेला म्हणजे घरची थोरली लेक घर सांभाळते ना, तसेच म्हणा.

मग काळजी कसली? काळजी वेळेची. हा मासा तीस-पस्तीस वर्षे जगतो, पण वाढतो सावकाश. शिवाय तो माणसाला भीत नाही. पाण्यात बुडी मारणारा दिसला, की आपणहून जवळ येतो. भालेवाल्याचे काम सोपेच झाले! मारून मारून मासे फार कमी झाले. तेव्हा 1969 साली सरकारने शिकार बंद केली. 1974 साली गळाने धरायला मोकळीक दिली, भाल्याने मारायला नाही. 1998 साली तर हा मासा राज्याचे मानचिन्ह ठरला.

तरी 2023 च्या अखेरीस सिडनीजवळ, लोकांच्या ओळखीचा एक निळा मासा भाल्याने मारला गेला. लोक फार हळहळले. 2024 साली सरकारने गळानेही धरायला बंदी घातली.

मंडळी, आम्ही शाळेत छडी ठेवून पाहिली आहे. छडी नजरेआड झाली, की खोड्या सुरू! समुद्राच्या तळाशी तर शिपाईही नसतो. तिथे आपला हात आपणच आवरायचा. जो विश्वासाने जवळ आला, त्याच्यावर वार करू नये. एवढे कळले, तर आजचा धडा आला म्हणायचा.