उधारी कोणाच्या खात्यावर?

(नाशिकमधील पंचवटी येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



विषय जाहीर झाल्यापासून एकच प्रश्न कानावर येतोय : विमान कारखान्याचे ओझर जिथून हाकेच्या अंतरावर, तिथे येऊन हे गृहस्थ शस्त्रनिर्यातीवर बोलणार? बोलणार आहे, आणि कडक बोलणार आहे. पण ओझरच्या कामगाराविरुद्ध माझ्या तोंडून एक शब्दही येणार नाही. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री कसे झाले, १९६३ मध्ये नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध कसे गेले, ओझरला मिग या लढाऊ विमानांचा कारखाना कसा आला, हे मी तुम्हाला सांगायला नको. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरात तिथला पगार आला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ओझरच्या धावपट्टीवरून तेजस उडाले तेव्हा माझाही ऊर भरून आला.

माझे म्हणणे वेगळे आहे. परदेशाने आपली शस्त्रे घ्यावीत म्हणून सरकार त्याला स्वस्त कर्ज देते आणि त्या सवलतीचा भार तुमच्या-माझ्या करातून सोसते. त्या प्रत्येक कर्जाचा हिशेब दरवर्षी लोकांपुढे आला पाहिजे. एवढेच सांगायला आलो आहे.

आपली संरक्षण निर्यात २०१३-१४ मध्ये ६८६ कोटी रुपयांची होती. २०२४-२५ मध्ये ती २३,६२२ कोटींवर गेली. त्यातले १५,२३३ कोटी खासगी कंपन्यांचे. २०२९ पर्यंत ५०,००० कोटी गाठायचे आहेत. हा जमेचा रकाना वाजतगाजत जाहीर होतो. खर्चाचा रकाना कुठे आहे?

कर्जाची रीत समजून घ्या. एक्झिम बँक, म्हणजे सरकारची निर्यात-आयात बँक, बाजारातून पैसा उभारते आणि ग्राहक देशाला बाजारापेक्षा कमी व्याजाने देते. व्याजातला फरक केंद्र सरकार भरते. परतफेड अडली तर हमीही सरकारचीच. व्हिएतनामला असे १० कोटी डॉलर दिले. त्यातून एल अँड टी कंपनीच्या १२ वेगवान गस्ती नौका झाल्या, पाच भारतात आणि सात तिकडच्या होंग हा गोदीत. जून २०२२ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी त्या सुपूर्द केल्या. बांगलादेशाला २०१७ मध्ये ५० कोटी डॉलर, मॉरिशसला २०२१ मध्ये १० कोटी डॉलर जाहीर झाले. शेजाऱ्याला बळ द्यावे, चीनला शह द्यावा, हे मला मान्य आहे. पण दुकानदारच गिऱ्हाइकाच्या हातात पैसे ठेवून विक्री करत असेल, तर गल्ल्यातली रक्कम मोजताना दिलेली उधारी वजा करायला नको का? आणि बुडीत कर्जाची भीती कल्पनेतली नाही. श्रीलंकेने २०२२ मध्ये परकीय देणी थांबवली, तेव्हा एक्झिम बँकेच्या कर्जांचीही पुनर्रचना करावी लागली.

आता एक गोष्ट सांगतो. दोन मिनिटांची आहे.

१९८६ साल. ब्रिटनची वेस्टलँड ही हेलिकॉप्टर कंपनी डबघाईला आलेली. तिच्यावरून पंतप्रधान थॅचरबाईंच्या मंत्रिमंडळात भडका उडाला, संरक्षणमंत्री हेसेल्टाइन राजीनामा देऊन बाहेर पडले. कंपनीला गिऱ्हाईक हवे होते. ते कोण? आपण. वेस्टलँड-३० जातीची २१ हेलिकॉप्टरे भारताने घ्यावीत म्हणून थॅचरबाईंनी राजीव गांधींकडे जोर लावला. ही हेलिकॉप्टरे आपल्या कामाची नाहीत असे इथले जाणकार सांगत होते. मग ब्रिटनने साडेसहा कोटी पौंड दिले, तेही गरीब देशांच्या विकासाच्या मदतीतून! हेलिकॉप्टरे पवनहंस या सरकारी कंपनीकडे आली. नागरी वापराची होती, शस्त्रे नव्हती. पण विकण्याची तऱ्हा हीच. दोन कोसळली, माणसे गेली. १९९१ मध्ये उरलेली सगळी जमिनीवर उभी केली आणि पुढे नऊ लाख पौंडांना विकून टाकली. कंपनी तगली. पैसा ब्रिटिश करदात्याचा गेला आणि जीव आपल्या माणसांचे गेले.

पण पुढचा भाग अधिक महत्त्वाचा. त्याच सरकारने मलेशियाला पेरगाऊ धरणासाठी २३.४ कोटी पौंड कबूल केले, कारण मलेशिया ब्रिटिश शस्त्रे घेणार होता. मदत खात्याचे सचिव टिम लँकेस्टर यांनी लेखी हरकत घेतली. लेखापरीक्षकांचा अहवाल आला, संसदीय समितीने चौकशी केली, एक नागरी संघटना कोर्टात गेली, आणि १९९४ मध्ये कोर्टाने ती मदत बेकायदा ठरवली. कशामुळे? कागद बाहेर आले म्हणून.

(सभेतून प्रश्न : रशियाने मिग दिले तेही असेच ना?)

होय, असेच! मिगसकट सोव्हिएत शस्त्रे आपण अल्प व्याजाच्या, लांब मुदतीच्या कर्जावर घेतली. रुपयांत फेडायची होती. सोव्हिएत संघ मोडला, तरी १९९३ च्या करारानुसार आपण माल पाठवून फेडतच राहिलो. आपण प्रामाणिक होतो म्हणून त्यांचे पैसे परत गेले. सोव्हिएत नागरिकाला मात्र त्याच्या सरकारने कोणाला काय दिले हे विचारता येत नव्हते. आपल्याला येते. लोकशाहीत राहून आपण का विचारत नाही?

आता तुमच्या जिव्हाळ्याचे. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागले. डिसेंबरात निर्यातच बंद. मे २०२४ मध्ये उघडली ती शुल्कासकट. सप्टेंबरात ते २० टक्के झाले आणि १ एप्रिल २०२५ ला हटले. लासलगाव, पिंपळगावच्या शेतकऱ्याने या काळात काय सोसले ते तुम्ही जाणता. (टाळ्या)

(श्रोत्यांतून : कांद्यालाही कर्ज द्या, साहेब! हशा)

हसू नका, त्यांचे बरोबर आहे. एका निर्यातदारासाठी सरकार परदेशी ग्राहकाला कर्ज देते, वकिलातींतल्या लष्करी अधिकाऱ्यांना विक्रीच्या कामाला लावते, प्रदर्शने भरवते. दुसऱ्याला म्हणते, तुझा माल बाहेर गेला तर इथे महागाई होईल. हा फरक करायचा सरकारला अधिकार असेल. त्याची किंमत लपवण्याचा अधिकार नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटे उरली आहेत. म्यानमारचे सविस्तर सांगायचे होते, थोडक्यात सांगतो. २०२० मध्ये आपल्या नौदलाची ‘सिंधुवीर’ पाणबुडी म्यानमारला दिली गेली. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथल्या लष्कराने लोकनियुक्त सरकार उलथवले. शस्त्र एकदा दिले की परत मागता येत नाही. म्हणून प्रश्न आधी विचारायचे.

कोणता देश काय घेतो हे विचारले की सरकार व्यूहरचनेचे कारण पुढे करते. क्षेपणास्त्राचा पल्ला मला नको. कर्ज किती, व्याजदर किती, सरकारने भरलेला फरक किती, थकले किती आणि माल कोणत्या कंपनीचा, एवढेच एका पानावर छापा. त्याने कोणतीही सीमा उघडी पडणार नाही.

तुमच्यात वकील आहेत, सनदी लेखापाल आहेत, ओझरचे निवृत्त अभियंते आहेत. माझी विनंती आहे, मिळून एक पत्र तयार करा, त्यावर सह्या घ्या आणि संसदेच्या पुढच्या अधिवेशनाआधी आपल्या खासदारांच्या हाती द्या. हे पान संसदेच्या पटलावर ठेवा, अशी मागणी नाशिकहून जाऊ द्या.