तीन घरे पुढे

शाळेत असताना ‘च’ची भाषा बोलला नाही असा मराठी माणूस विरळा. शब्दाच्या आरंभी एक ‘च’ चिकटवायचा, अक्षरे थोडी इकडची तिकडे करायची, आणि समोर बसलेल्या मोठ्या माणसांना आपले काही कळत नाही असे समजून हसायचे. मोठ्यांना सगळे कळत असे, कारण तीही लहानपणी तेच बोललेली असत! पण ही अक्षरांची हलवाहलव एके काळी सेनापतींनी आणि सम्राटांनी मोठ्या गंभीरपणे केलेली आहे. आज तुमच्याशी बोलायचे आहे ते तिच्याविषयीच.

रोमचा ज्यूलियस सीझर खासगी पत्रांत मूळ अक्षराऐवजी त्याच्या पुढचे तिसरे अक्षर लिहीत असे. ‘ए’च्या जागी ‘डी’, ‘बी’च्या जागी ‘ई’, असे. ही हकीकत सांगतो सुएटोनिअस हा चरित्रकार. सीझरच्या वधानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी त्याने ती लिहिली. सीझरचा वारस ऑगस्टस याच्याबद्दलही तो असेच सांगतो. हे महाराज एकच घर पुढे जात, आणि वर्णमाला संपली की फिरून पहिल्या अक्षरावर न येता दोन ‘ए’ लिहून मोकळे होत. सम्राटाला थोडा कंटाळा असावा असे मला आपले वाटते.

रणांगणावर मात्र सीझरने दुसरीच युक्ती केलेली दिसते. इ. स. पू. ५४ मध्ये आजच्या बेल्जियमच्या बाजूला नर्वी लोकांनी रोमन छावणीला वेढा घातला होता. आत होता क्विंटस सिसेरो, म्हणजे प्रसिद्ध वक्त्या सिसेरोचा भाऊ. मदत येत आहे, धीर सोडू नका, एवढेच त्याला कळवायचे होते. सीझरने ते ग्रीक अक्षरांत लिहिले आणि एका गॉल स्वाराला सांगितले, आत शिरता आले नाही तर पत्र भाल्याला बांधून छावणीत फेक. त्याने भाला फेकला तो नेमका एका बुरुजात रुतून बसला, आणि दोन दिवस कोणाच्या लक्षातच आला नाही. तिसऱ्या दिवशी एका शिपायाला तो दिसला, आणि पत्र सर्वांसमोर वाचले गेले. इकडे शत्रूला ग्रीक येत नाही, एवढ्या एका भरवशावर हे सारे उभे होते. अक्षरे पुढे सरकवण्याच्या युक्तीचाही भरवसा याच जातीचा आहे.

म्हणजे कसा, ते आपल्याच लिपीत करून पाहू या. ‘क’पासून ‘ळ’पर्यंत आपली चौतीस व्यंजने ओळीने मांडा. स्वर आणि काना-मात्रा आहेत तशाच राहू द्या. आता प्रत्येक व्यंजन तीन घरे पुढे न्या. ओळ संपली की पुन्हा ‘क’वर या. ‘सकाळी गड सोड’ हा निरोप घेतला तर ‘स’चा होतो ‘क’, ‘क’चा ‘घ’, ‘ळ’चा ‘ग’. सगळा निरोप होतो ‘कघागी चत कोत’. दिसायला कसा भयंकर दिसतो, नाही?

पण हा कागद शत्रूच्या हाती पडला तर? त्याला पद्धत ठाऊक असेल तर त्याने फक्त किल्ली शोधायची. आणि किल्ल्या किती? तेहेतीस. पहिला शब्द घ्यायचा आणि एकेक घर मागे यायचे. एक घर मागे ‘ळगाखी’, अर्थ नाही. दोन घरे मागे ‘हखाकी’, तेही नाही. तीन घरे मागे ‘सकाळी’. संपले! पेन्सील आणि पाच मिनिटे, याहून जास्त काही लागत नाही.

पद्धतच बदलली, सरळ क्रमाने न सरकवता वाटेल ते अक्षर वाटेल त्याच्या जागी बसवले, तर तेहेतीस किल्ल्यांचा प्रश्न उरत नाही. वात्स्यायनाने ‘कामसूत्रा’त चौसष्ट कलांमध्ये म्लेच्छितविकल्प म्हणून सांकेतिक लेखनाची कला गणली आहे. त्यावरच्या ‘जयमंगला’ टीकेत मूलदेवीय नावाची एक रीत दिली आहे. तीत अक्षरांच्या जोड्या आहेत: ‘च’ आणि ‘ट’, ‘त’ आणि ‘प’, ‘न’ आणि ‘म’, अशा. जोडीतले एक आले की दुसरे लिहायचे. म्हणजे ‘तप’चे होते ‘पत’ आणि ‘नमन’चे ‘मनम’. हिची गंमत अशी, की लपवण्याची आणि उलगडण्याची क्रिया एकच. संगणकावर इंग्रजी अक्षरे तेरा घरे सरकवून कोड्यांची उत्तरे झाकण्याची चाल पडली तीही याच सोयीसाठी. सव्विसाची निम्मी तेरा, म्हणून तीच क्रिया दुसऱ्यांदा केली की मूळ मजकूर परत.

अशा अदलाबदलीवरचा उतारा नवव्या शतकात बगदादच्या अल्-किंदी या पंडिताने लिहून ठेवला आहे. तो म्हणतो त्याचा आशय असा: त्या भाषेतला साधा मजकूर घ्या, कोणते अक्षर किती वेळा येते ते मोजा, मग गुप्त मजकुरातली चिन्हे मोजा, आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवा. अक्षराने वेष बदलला तरी त्याची वहिवाट बदलत नाही. आपल्याकडे तर मोजण्याचीही गरज नाही! मराठी मजकुरात वाक्यामागून वाक्य ‘आहे’ने संपते. तीन घरे पुढे गेल्यावर ते ‘आखे’ होईल, आणि दर वाक्याच्या शेवटी ‘आखे, आखे’ दिसू लागले की चौथीतला पोरगाही ओळखील.

हे सारे हजार वर्षांपूर्वी लिहून झाले असताना, सीझरच्याच इटलीत बेर्नार्दो प्रोव्हेंत्सानो नावाचा माफियाचा म्होरक्या आपल्या चिठ्ठ्यांत माणसांची नावे आकड्यांनी लिहीत होता. ‘ए’ म्हणजे ४, ‘बी’ म्हणजे ५. पुन्हा तीच तीन घरे. तो त्रेचाळीस वर्षे फरारी होता, पण ते या आकड्यांच्या जोरावर नव्हे. टेलिफोन टाळायचा आणि चिठ्ठ्या विश्वासू माणसांच्या हातोहात पाठवायच्या, हे त्याचे खरे कुलूप. एप्रिल २००६ मध्ये पोलिसांनी घरून येणाऱ्या कपड्यांच्या पुडक्याचा माग काढत त्याला कॉर्लेओने गावाजवळच्या शेतघरात गाठले. चिठ्ठ्यांतली नावे उलगडायला फारसा वेळ लागला नाही.

तुमच्या हाती पेन्सील असेलच. वर मांडलेली चौतीस व्यंजनेच घ्या. घरे किती ते मी सांगत नाही. निरोप असा आहे: ‘झसी हळचस षा’.