युद्धोत्तर सिएरा लिओन : शांतता करारापासून हक्कांपर्यंत



युद्ध थांबले म्हणजे शांतता प्रस्थापित झाली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. परंतु शाळा, दवाखाना, जमीन आणि रोजगार यांवर कोणाचा हक्क राहील, हा प्रश्न युद्धविरामानंतरही शिल्लक राहतो. या दृष्टीने पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओनचा अनुभव अभ्यासण्याजोगा आहे. मार्च १९९१ मध्ये सुरू झालेले तेथील यादवी युद्ध जानेवारी २००२ मध्ये अधिकृतरीत्या संपले. त्यात सुमारे ५० हजार लोक मृत्युमुखी पडल्याचा अंदाज आहे. असंख्य निरपराध नागरिकांचे हातपाय तोडण्यात आले. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतील भारतीय जवानांनी जुलै २००० मध्ये ‘ऑपरेशन खुकरी’ राबवून वेढ्यात अडकलेल्या सहकाऱ्यांची सुटका केली, ती याच भूमीवर.

पीडितांची प्रतीक्षा

जुलै १९९९ मध्ये लोमे येथे झालेल्या शांतता करारात दोन परस्परविरोधी वाटाव्यात अशा तरतुदी होत्या. बंडखोरांचा नेता फोडे सांको याला हिऱ्यांसह मौल्यवान खनिजांचे व्यवस्थापन करणाऱ्या आयोगाचे अध्यक्षपद देऊ करण्यात आले. त्याच कराराच्या २९व्या कलमात युद्धपीडितांच्या पुनर्वसनासाठी विशेष निधी उभारण्याचे वचन होते. हा निधी प्रत्यक्षात डिसेंबर २००९ मध्ये, म्हणजे दहा वर्षांनी सुरू झाला. तत्पूर्वीच सुमारे ७२ हजार लढवय्यांचे निःशस्त्रीकरण पार पडले होते आणि त्यांच्यासाठी व्यवसाय प्रशिक्षण व अर्थसाहाय्याच्या योजनाही राबविण्यात आल्या होत्या.

या क्रमामागे आर्थिक तर्क आहे. बेकार लढवय्या पुन्हा शस्त्र उचलू शकतो. म्हणून त्याच्यावरील खर्च सुरक्षेसाठीची गुंतवणूक ठरतो. हात गमावलेला शेतकरी मात्र कोणालाही धोका निर्माण करीत नाही. मदत सौदाशक्तीनुसार वाटली गेली, की सर्वांत दुर्बल घटक रांगेत शेवटी उभा राहतो. हक्कांची भाषा आवश्यक ठरते ती याच कारणामुळे.

सत्य आणि सलोखा आयोगाने २००४ च्या अहवालात भ्रष्टाचार व कुशासन ही युद्धाची मूळ कारणे असल्याचे नमूद केले. पीडितांसाठी निवृत्तिवेतन, मोफत उपचार आणि शिक्षणविषयक साहाय्य यांची शिफारसही केली. पुढे ३० हजारांहून अधिक पीडितांची नोंदणी झाली. तथापि, बहुतेकांच्या वाट्याला एकरकमी अल्प साहाय्यच आले.

घटनेतील मर्यादा

सिएरा लिओनने आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार १९९६ मध्ये स्वीकारला. उपलब्ध साधनसंपत्तीचा कमाल वापर करून हे हक्क क्रमाक्रमाने साकार करण्याचे बंधन त्यामुळे राज्यसंस्थेवर आले. मात्र देशाच्या १९९१ च्या राज्यघटनेत शिक्षण, आरोग्य व उपजीविका यांविषयीची उद्दिष्टे दुसऱ्या प्रकरणात असून, १४व्या कलमानुसार ती न्यायालयामार्फत अंमलात आणता येत नाहीत. भारतीय राज्यघटनेतील कलम ३७ शी याचे साम्य लक्षात घेण्याजोगे आहे. भारतात ८६व्या घटनादुरुस्तीने (२००२) प्राथमिक शिक्षण मूलभूत हक्क बनले. सिएरा लिओनमध्ये हा प्रवास प्रामुख्याने कायदे व शासकीय कार्यक्रमांच्या मार्गाने झाला.

उपलब्धी आणि कसोटी

एप्रिल २०१० पासून गरोदर व स्तनदा माता आणि पाच वर्षांखालील बालकांना मोफत आरोग्यसेवा देण्यात येऊ लागली. राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणांनुसार, एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूंचे प्रमाण २०१३ मधील १,१६५ वरून २०१९ मध्ये ७१७ वर आले. ही घट एकाच योजनेचे फलित नसली, तरी दिशा आश्वासक आहे. २०१८ मध्ये मोफत शालेय शिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला. २०२२ च्या कायद्याने पारंपरिक जमिनींवर स्त्रियांना समान हक्क दिले.

मात्र २०१४ मध्ये आलेल्या इबोलाच्या साथीने यंत्रणेचा दुबळेपणा उघड केला. सुमारे ४ हजार लोक दगावले. साथीनंतर २०१५ मध्ये शाळा पुन्हा उघडल्या, तेव्हा गरोदर मुलींना वर्गात बसण्यास शासनाने मज्जाव केला. साथीच्या काळात शोषणाला बळी पडलेल्या मुलींवर हा दुहेरी अन्याय होता. डिसेंबर २०१९ मध्ये पश्चिम आफ्रिकी राष्ट्रांच्या आर्थिक समुदायाच्या न्यायालयाने ही बंदी भेदभावकारक ठरविली आणि मार्च २०२० मध्ये ती उठविण्यात आली.

निष्कर्ष

या अनुभवातून तीन बाबी स्पष्ट होतात. हक्कांना कायद्याचा आधार हवा. त्यांच्यासाठी अंदाजपत्रकात निश्चित तरतूद हवी. आणि तरतूद नाकारली गेल्यास दाद मागण्याचे ठिकाण हवे. पीडितांच्या निधीला कराराचा आधार होता, परंतु पैसा दहा वर्षे आला नाही. गरोदर मुलींना शाळेचे दार उघडले, कारण त्यांच्या वतीने दाद मागता आली. युद्धोत्तर देशाची साधने तुटपुंजी असतात, हे खरे. पण म्हणूनच ती कोणावर आधी खर्च व्हावीत, हे बंदुकीच्या धाकाने नव्हे, तर हक्काच्या निकषाने ठरले पाहिजे.