चारशे मीटरची टॉर्च आणि चार मीटरचा धुरा

मंडळी, लुमेन म्हणजे एकूण उजेड आणि कँडेला म्हणजे एका दिशेची धार, हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्यावर वेळ घालवत नाही. माझं म्हणणं एवढंच की, रात्रपाळीच्या विजेवर उन्हाळी धानाला पाणी द्यायला जाणाऱ्या आपल्या शेतकऱ्याने ‘४०० मीटर’ लिहिलेल्या टॉर्चच्या नादी लागू नये. खोक्यावरचं ते अंतर म्हणजे जिथे उजेड पाव लक्स, साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उरतो, ती जागा. २०० मीटरला १०,००० कँडेला पुरतात, ४०० मीटरला ४०,००० लागतात. एलईडीचा प्रकाश देणारा ठिपका जितका लहान व प्रखर आणि परावर्तक जितका रुंद, तितकी ही धार वाढते. म्हणून ओस्रामचा एक चौरस मिलिमीटरचा एलईडी थोड्या लुमेनमध्ये लांब मारतो, तर क्रीचा मोठा एक्सएचपी ७० त्याच परावर्तकात कितीतरी जास्त लुमेन देतो, पण ते बांधीभर पसरून टाकतो.

पसरणं हा दोष कसा? धुऱ्यावर पाहायचे असतात पायापुढचे तीन-चार मीटर. पाच अंशांचा झोत चार मीटरवर जेमतेम ३५ सेंटिमीटरचं वर्तुळ उजळतो. मण्यार त्याच्या बाहेर असेल तर संपलंच. शिवाय रंगाचा प्रश्न आहे. पांढरा एलईडी मुळात निळा असतो, वरचा पिवळा लेप बाकीचे रंग भरतो. लेपात लाल कमी पडला की तपकिरी घोणस तणसात मिसळून जाते. रंग खरे दाखवणारा, नव्वदच्या पुढच्या सीआरआयचा एलईडी काही लुमेन खातो, खाऊ द्या. 

आता तुमचा आक्षेप. इकडे कोका अभयारण्य, तिकडे पवनीला लागून कऱ्हांडला अभयारण्य. वाघ लांबूनच दिसायला नको का? हवाच. पण वाघ, बिबट, अस्वल यांच्या दृष्टिपटलामागे प्रकाश परतवणारा थर असतो. साधी टॉर्च कपाळाजवळ धरून फिरवली तरी डोळे चमकतात. सापाला हा थर नाही. तो स्वतःहून कळवत नाही. रानडुकरालाही नाही, हे मला मान्य करावं लागतं. डुकरांचा उपद्रव असेल तर लांब मारणारी दुसरी टॉर्च मोटारीच्या खोलीत ठेवा. पण धुऱ्यावर हातात रुंद झोताचीच हवी. कोणी म्हणेल, लुमेन जास्त असले की झालं. नाही, छोट्या टॉर्चमध्ये एलईडी तापतो आणि पहिल्या मिनिटाचा रुबाब पुढे टिकत नाही. तेव्हा दुकानात आकडे वाचू नका. टॉर्च पाच मिनिटं चालू ठेवा, मग तळहातावर मारा. तळवा निळसर, निर्जीव दिसला तर परत द्या. वेळ संपली, भांडण बाहेर, चहाजवळ.