वीज सोडण्याआधीची विचारपूस



मे महिन्यातली दुपार. नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गावरच्या एका हॉटेलच्या आवारात इलेक्ट्रिक मोटार येऊन थांबते. भिंतीवर चार्जिंगचा डबा बसवलेला आहे. चालक गन काढून गाडीच्या खाचेत बसवतो आणि हिरव्याऐवजी लाल दिवा लुकलुकू लागतो. काढून पुन्हा लावतो, पुन्हा लाल. गाडीतली माणसे उन्हाने कावलेली. हॉटेलवाला वायरमनला हाक मारतो. वायरमन बोर्ड उघडून बघतो आणि सांगतो, "अर्थिंग मिळत नाहीये साहेब. न्यूट्रलवरून एक वायर अर्थला मारून देतो, पाच मिनिटांत चालू होईल."

खरोखरच पाच मिनिटांत चालू होते, आणि म्हणूनच हा उपाय इतका पसरला आहे. पण त्या एका वायरने नेमके काय होते ते पाहायला हवे. उद्या मागे कुठेतरी, खांबावर किंवा मीटरपाशी, न्यूट्रल तुटला तर फेजमधली वीज हॉटेलातल्या पंख्या-दिव्यांतून फिरून त्या न्यूट्रलमध्ये उतरते, तिथून मारलेल्या जोडातून अर्थच्या तारेत, आणि अर्थची तार तर गाडीच्या पत्र्याला जोडलेली. रबरी टायरांवर उभी असलेली मोटार २३० व्होल्ट अंगावर घेऊन शांतपणे उभी राहते. दिसत काहीच नाही. ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून कुणी दाराला हात लावला, तर विजेला जमिनीत जायची वाट त्या माणसाच्या अंगातून मिळते. जोड गळती पकडणाऱ्या आरसीसीबीच्या अलीकडे, म्हणजे मीटरच्या बाजूला, मारलेला असेल, तर तिला या गळतीचा पत्ताही लागणार नाही.

लाल दिवा लावून चार्जर नेमके हेच टाळत होता.

चार्जिंग स्टेशन म्हणजे मोठा सॉकेट, अशी बहुतेकांची समजूत असते. घरातल्या सॉकेटमध्ये वीज कायम हजर असते. तिथे पिन खुपसा की बोट, तिला फरक पडत नाही. स्टेशनच्या गनचे तसे नाही. गन हुकावर लटकलेली असताना तिच्या जाड पिनांत वीज नसते. त्या पिनांशेजारी एक बारीक पिन असते, तिला पायलट म्हणतात. गन गाडीत बसली की या पायलटच्या तारेवरून दोघांचे बोलणे सुरू होते. चार्जर त्या तारेवर १२ व्होल्ट ठेवून वाट बघत असतो. गाडी जोडली गेली की तो आकडा ९ वर येतो, म्हणजे "मी आले आहे". गाडीची तयारी झाली की ६ वर येतो, म्हणजे "आता सोड". मधल्या वेळात चार्जर त्याच तारेवर सेकंदाला हजार ठोके देत असतो, आणि त्या ठोक्यांच्या लांबीवरून गाडीला कळते की इथून किती अँपिअर घेता येतील. ठोका निम्मा वेळ चालू, निम्मा वेळ बंद असेल, तर त्याचा अर्थ ३० अँपिअर. एवढे झाल्यावर आतला कॉन्टॅक्टर, म्हणजे वीज जोडणारा स्विच, 'खट्ट' वाजतो आणि मग कुठे वीज वाहू लागते. गाडीजवळ उभे राहिले तर तो आवाज स्पष्ट ऐकू येतो.

महामार्गावरच्या जलद डीसी चार्जरची विचारपूस याहून लांबलचक असते. तिथे शेकडो व्होल्टची एकदिश वीज थेट बॅटरीत जाते. म्हणून आधी गनला कुलूप लागते. मग केबलमधून कुठे गळती आहे का याची चाचणी होते. त्यानंतर चार्जर आपला व्होल्टेज बॅटरीच्या व्होल्टेजच्या अगदी जवळ आणतो, म्हणजे जोडणी होताना ठिणगी उडू नये. चालकाला एवढेच वाटते की मशीन उगाच वेळ काढते आहे. त्या अर्ध्या-एक मिनिटात वैतागून गनची ओढाताण करू नये, हे जाणकारांचे सांगणे त्यासाठीच असते.

पुढचा शत्रू उष्णता. सोल्डरिंग करणाऱ्याच्या हातातली सळई साधारण २५ वॉटची असते, आणि तेवढ्यात कथिल वितळते. आता घरातला ढिला झालेला १५ अँपिअरचा सॉकेट घ्या. त्याच्या पितळी पट्टीची पकड सैल पडून तिथे ओहमचा दहावा भाग एवढा रोध तयार झाला, तर १५ अँपिअर जाताना त्या एका ठिपक्यावर साडेबावीस वॉट उष्णता निर्माण होते. म्हणजे सॉकेटच्या आत चार-सहा तास सोल्डरिंगची सळई टेकवून ठेवल्यासारखे. इस्त्री किंवा गीझर अर्ध्या तासात बंद होतो म्हणून हे निभावून जाते. गाडी रात्रभर चार्ज होते. प्लगभोवती पिवळसर डाग, जळक्या प्लॅस्टिकचा वास, हाताला चटका ही त्याची पहिली लक्षणे. डीसी गनमधून २०० अँपिअर जात असतील, तर ओहमचा हजारावा भाग एवढा रोधही ४० वॉट उष्णता देतो. त्यामुळे चांगल्या गनच्या पिनांपाशी तापमापक बसवलेला असतो. पिन तापली की चार्जर आपणहून वेग उतरवतो.

आगींच्या बातम्यांचा विषय इथे टाळता येत नाही. २०२२ हे त्या दृष्टीने वाईट वर्ष ठरले. मार्चमध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभ्या इलेक्ट्रिक स्कूटरने पेट घेतला, एप्रिलमध्ये नाशिकला कंटेनरमधल्या २० स्कूटर जळाल्या. ही वाहने चार्जिंगला लावलेली नव्हती, हे मुद्दाम सांगायला हवे. दोष नेहमी चार्जरचाच असतो असे नाही. पण त्याच मार्चमध्ये तमिळनाडूत वेल्लोरला घरात चार्जिंगला लावलेली स्कूटर पेटली आणि धुराने गुदमरून बाप-लेक गेले. सप्टेंबरमध्ये वसईत घरात चार्ज होत असलेल्या बॅटरीच्या स्फोटात भाजून एका सात वर्षांच्या मुलाचा जीव गेला. झोपलेल्या लेकरापासून काही फुटांवर बॅटरी चार्जिंगला असणे, हे चित्र मनातून जात नाही. त्याच महिन्यात सिकंदराबादला इलेक्ट्रिक स्कूटरच्या शोरूमला आग लागून धूर वरच्या हॉटेलात चढला आणि आठ जण दगावले.

लिथियमची पेशी बिघडली की स्वतःच्याच उष्णतेने आणखी बिघडत जाते, आणि ती आच शेजारच्या पेशीला लागते. ज्वलनशील वायू आतूनच बाहेर पडतात. विझली असे वाटलेली बॅटरी काही तासांनी पुन्हा पेटू शकते.

या घटनांनंतर सरकारने बॅटरीच्या कसोट्या कडक केल्या. एआयएस १५६ या मानकातल्या नव्या अटी १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. एक पेशी पेटवली तर आग सगळ्या बॅटरीत पसरते का, हे आता तपासले जाते. जादा चार्जिंग आपोआप तुटले पाहिजे, धोक्याची सूचना दिसली आणि ऐकू आली पाहिजे. अशा चाचण्या करणाऱ्या देशातल्या प्रमुख संस्थांपैकी एक, एआरएआय, पुण्याच्या वेताळ टेकडीवर आहे.

स्टेशन उभारणाऱ्यांसाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे नियम आहेत आणि ते वाचायला सोपे आहेत. सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंच हवा. गाडीची खाच चार्जिंग पॉइंटपासून ५ मीटरच्या आत यावी. एक्स्टेंशन वायर चालणार नाही. प्रत्येक पॉइंटला गळती पकडून वीज तोडणारे स्वतःचे यंत्र हवे, आणि अर्थिंग तुटले तर पुरवठा बंद पडला पाहिजे. पावसाळ्यात तळमजल्याच्या पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी साचणाऱ्या शहरांत ८०० मिलिमीटरचे मोल वेगळे सांगायला नको. तरीही तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून खाली सोडलेली पिवळी वायर आजही सोसायट्यांत दिसते.

चार्जर इंटरनेटला जोडलेला असल्यामुळे एक नवी बाजूही आली आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियात मॉस्को ते सेंट पीटर्सबर्ग महामार्गावरचे चार्जर दूरवरून बंद पाडून त्यांच्या पडद्यावर पुतिनविरोधी घोषणा झळकवण्यात आल्या. तिथे चार्जर फक्त बंद पडले. पण ज्या वाटेने घोषणा आत शिरते, त्याच वाटेने चार्जरला चुकीची आज्ञाही शिरू शकते. भारतातही चार्जिंग स्टेशनच्या प्रणालींतल्या त्रुटींचे अहवाल सर्ट-इन या सरकारी यंत्रणेकडे आल्याचे २०२३ मध्ये संसदेत सांगण्यात आले. वाहनधारकाने निदान पैसे भरायचा क्यूआर कोड मूळ छपाईवर दुसरा चिकटवलेला नाही ना, हे नखाने खरवडून पाहावे, किंवा सरळ कंपनीच्या ॲपमधूनच पैसे द्यावेत.

आता त्या हॉटेलच्या आवारात परत जाऊ. वायरमनच्या हातात वायर आहे आणि चालक नको म्हणतो. हॉटेलच्या मागे अर्थिंगचा खड्डा आहे, कोळसा-मीठ घालून बुजवलेला. उन्हाळाभर त्याच्याकडे कुणी फिरकलेले नाही. माती भेगाळली आहे, वरच्या पट्टीचा नट गंजून ढिला झाला आहे. वायरमन पट्टी घासतो, नट आवळतो, खड्ड्यात चार बादल्या पाणी ओततो. अर्धा तास जातो, सगळ्यांचा चहा होतो. या वेळी गन लावल्यावर हिरवा दिवा लागतो आणि 'खट्ट' ऐकू येते.

चार्जिंग संपल्यावर चालक गन ओढतो. गनमधल्या सगळ्या पिना सारख्या लांबीच्या नसतात. पायलटची पिन आखूड, ती सर्वात आधी सुटते आणि जाड पिना विलग व्हायच्या आत वीज थांबलेली असते. अर्थची पिन सर्वात लांब. गन बसवताना ती सगळ्यांच्या आधी टेकते आणि काढताना सगळ्यांच्या शेवटी सुटते.