कागद, लिपी आणि कुळाचा शोध
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



आपले घराणे मूळचे कोठले, हा प्रश्न स्थलांतरित कुटुंबांना अधिक तीव्रतेने पडतो. एकोणिसाव्या शतकात जर्मन प्रदेशांतून लक्षावधी माणसे अमेरिकेत गेली. त्यांच्या वंशजांपैकी अनेक जण आज पूर्वजांचा माग काढीत आहेत. या शोधात कागद जितके महत्त्वाचे, तितकीच ते वाचणारी भाषा महत्त्वाची, हा त्यांचा अनुभव आपल्यालाही उपयोगी पडणारा आहे.

प्रथम कागदांविषयी. जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारी नोंदणी संपूर्ण जर्मन साम्राज्यात १ जानेवारी १८७६ पासून सुरू झाली. त्यापूर्वीचा आधार म्हणजे चर्चच्या नोंदवह्या. बाप्तिस्मा व विवाह यांच्या नोंदी ठेवण्याचा दंडक ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये कॅथलिक धर्मगुरूंना घालून दिला. प्रॉटेस्टंट चर्चमध्येही अशा वह्या होत्या. १६१८ ते १६४८ या तीस वर्षांच्या युद्धात यांपैकी कित्येक नष्ट झाल्या आणि त्यामुळे अनेक घराण्यांचा धागा त्या काळापाशी तुटतो. या वह्या गावोगावच्या असल्याने मूळ गावाचे नाव ठाऊक नसेल, तर शोध अडतो. नुसते ‘नॉयश्टाट’, म्हणजे ‘नवे गाव’, एवढे कळून भागत नाही. त्या नावाची गावे अनेक आहेत. अशा वेळी हाम्बुर्ग बंदरातील १८५० ते १९३४ या काळातील प्रवाशांच्या याद्या साहाय्याला येतात, कारण त्यांत बहुधा प्रवाशाचे गावही नोंदलेले असते.

गाव ठाऊक नसले, तरी आडनाव दिशा दाखवते. बासरी वाजविणाऱ्यावरून पडलेले आडनाव उत्तरेत ‘पीपर’, तर दक्षिणेत ‘प्फायफर’ असे होते. हा फरक लेखनिकाच्या चुकीमुळे झालेला नाही. दक्षिणेकडील बोलींत ‘प’चा ‘प्फ’ किंवा ‘फ’ झाला, उत्तरेकडील बोलींत तो तसाच राहिला. कुंभार उत्तरेत ‘प्योटर’, मध्य जर्मनीत ‘ट्योप्फर’ आणि दक्षिणेत ‘हाफ्नर’ होतो. नावाच्या शेवटी ‘ले’ असेल, तर श्वाबियाकडे पाहावे. ‘झेन’ असेल, तर उत्तरेच्या किनाऱ्याकडे. हे निर्णायक पुरावे नव्हेत, पण कोठे शोधावे हे त्यांतून उमगते.

नोंदवही हाती आल्यावर भाषेची खरी परीक्षा सुरू होते. लॅटिन लिहिणारा धर्मगुरू ‘म्युलर’ या नावाचे ‘मोलिटोर’ करी आणि ‘श्मिट’चे ‘फाबर’. एकच कुटुंब दोन नावांनी दोन कुटुंबे भासते. स्त्रीच्या आडनावाला ‘इन’ हा प्रत्यय लागून ‘म्युलर’ची ‘म्युलरिन’ होते. ‘७बर’ असे लिहिलेले दिसले, तर तो सातवा महिना जुलै नव्हे, सप्टेंबर होय. लॅटिनमध्ये ‘सेप्टेम’ म्हणजे सात.

रीतिरिवाजही ठाऊक असावे लागतात. पूर्व फ्रीसलंडमध्ये वडिलांच्या नावावरून मुलाचे दुसरे नाव पडत असे आणि ते पिढीगणिक बदले. यानचा मुलगा हिन्रिख यान्सेन. पण त्याची मुले हिन्रिख्स. नेपोलियनच्या अमलात, १८११ मध्ये, तेथे कायमचे आडनाव धारण करण्याची सक्ती झाली. वडिलांचे नाव आपल्या नावात गुंफणाऱ्या मराठी माणसाला ही रीत परकी वाटू नये. वेस्टफालियात घरजावई झालेला पुरुष पुष्कळदा सासऱ्याच्या शेतवाडीचे नाव घेई. हे माहीत नसेल, तर वंशावळ भलत्याच घराण्यात जाऊन पोहोचते.

सर्वांत मोठा अडसर लिपीचा आहे. जुन्या जर्मन हस्ताक्षराला ‘कुरेंट’ म्हणतात. त्यात ‘ए’ आणि ‘एन’ ही अक्षरे जवळजवळ सारखी दिसतात; ‘यू’ ओळखता यावा म्हणून त्यावर छोटी कमान काढीत. १९४१ मध्ये नाझी राजवटीने जुने छापील वळण बंद केले, आणि शाळांतून हे हस्ताक्षरही गेले. पुढच्या पिढ्यांना आजोबांची पत्रे स्वतःच्याच भाषेत असूनही वाचता येईनात.

याच वह्यांचा एक भीषण उपयोगही इतिहासात झाला. १९३३ नंतर नोकरीसाठी आजी-आजोबांपर्यंतचे दाखले मागितले गेले आणि ‘पूर्वजपत्रिका’ घरोघरी पोहोचली. जी माणसे त्या कसोटीत ‘आर्य’ ठरली नाहीत, त्यांचे हक्क गेले. पुढे असंख्यांचे प्राण गेले. वास्तविक जुने कागद शुद्ध रक्ताचा दावा मुळीच सिद्ध करीत नाहीत. जर्मनीतील ‘नोवाक’ हे आडनाव स्लाव्ह आहे. १६८५ मध्ये ब्रांडेनबुर्गने आश्रय दिलेल्या फ्रेंच प्रॉटेस्टंटांची आडनावेही तेथे आजवर नांदतात. भाषेवरून माणसाचा गाव, व्यवसाय आणि प्रवास कळतो; त्याची थोरवी कळत नाही.

पालकहो, हा अनुभव केवळ दूरदेशीचा नाही. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, तंजावर येथील मराठी घरांतूनही मोडीतील सनदा, खतपत्रे व हिशेबाच्या वह्या जपलेल्या आढळतात. तीर्थोपाध्यायांच्या नामावळींत कितीतरी कुळांच्या पिढ्या नोंदलेल्या आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शाळेतून गेली आणि जर्मन नातवंडांवर आलेली वेळ आपल्याही घरी आली. मात्र मोडी प्रयत्नाने शिकता येते, कारण तिच्यामागची भाषा आपल्याला येते. ती भाषाच हरपली, तर लिपी शिकूनही कागदाचा अर्थ लागणार नाही. महाराष्ट्राबाहेरील मराठी शाळा मुलांच्या हाती हाच आधार देते.

तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांना मूळ गाव आणि कुळाचे उपाध्याय विचारून ठेवावेत, छायाचित्रांच्या मागे नावे लिहावीत, आणि वाचता येत नाही म्हणून कोणताही कागद रद्दीत घालू नये. तो वाचणारे कोणी पुढच्या पिढीत निपजेल, याची सोय आजच करावी लागेल.